साठ ओहम

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये गाडी टोचन लावून आली
तेव्हा विश्वामित्रीचं पाणी ओसरून तीन आठवडे झाले होते.
सीटखाली अजून नदीचा वास,
आणि चावी फिरवताच डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम,
नवरात्रात मांडवी उजळते तसे.

स्कॅनर लावला. तक्रारींची रांग.
इंजिन म्हणे, ब्रेककडून काही येत नाही.
ब्रेक म्हणे, मीटरबोर्ड बेपत्ता.
मीटरबोर्डाचं म्हणणं, बाकीचेच सगळे गेले.
सोसायटीच्या मीटिंगसारखं:
टाकी कुणी वाहू दिली?
जो तो शेजारच्या फ्लॅटकडे बोट दाखवतो.

नीरव म्हणाला, काका, नवा कंट्रोलर मागवू?
थांब. आधी बॅटरी सोड.

सहा नंबर आणि चौदा नंबर,
दोन पिनांवर मीटरच्या दोन सळया:
एकशे वीस.
नीरव खूश. जास्त म्हणजे चांगलं ना?
नाही रे, इथलं गणित उलटं.
वायरीच्या दोन टोकांना दोन राखणदार,
प्रत्येकी एकशे वीसचा;
दोघं जागेवर असले की साठ.
पुरे एकशे वीस दिसले
तर समज, एकटाच उभा आहे.

कोण, ते कळायला इंजिनचा प्लग उपसला.
आकडाच गेला.
म्हणजे उभा होता तो हा.
हरवलाय तो मीटरबोर्डाकडचा.

मग गुडघ्यांवर.
उंबऱ्याची पट्टी काढली, कार्पेट उलटवलं,
एकमेकींना पीळ घालून निघालेल्या दोन वायरी
बोटांनी चाचपत गेलो,
आई वेणी सोडून उवा शोधायची तसा.
ड्रायव्हरच्या टाचेपाशी, जोडाच्या तोंडात
सुकलेला गाळ,
आणि एका पिनेवर हिरवा कळंक.
पाणी त्या रात्री इथवरच आलं असणार,
घोटाभर. कुणाला न सांगता.

पिन बदलली. पुन्हा मोजलं.
साठ पूर्णांक दोन.

हसुमतीबेन फोनवर: कयो पार्ट गयो, भाई?
कुठलाच नाही, बेन. एक पिन.
तो पैसा शेना?
शोधायचे, म्हणालो.
त्या हसल्या की चिडल्या,
लाइन कटली.

बॅटरी जोडली. चावी.
दिवे एकेक करून विझत गेले,
नीरव मोजत होता, मोठ्यानं,
आणि मध्येच थांबला.
एअरबॅगचा तांबडा
तसाच.

मी घड्याळ पाहिलं. सव्वासात.
चहा सांग म्हटलं,
आणि स्कॅनरची वायर पुन्हा सोडवायला बसलो.