ळ

जिन्सीच्या तिराह्यावर उद्या पाटी लागणार,
म्हणून मी आजच बघून आले
हरप्रसादच्या पत्र्याखाली.
पांढुरका दगड, दोन बाय दीड,
वर तिरंगा, खाली नगर निगमचं नाव जरा मोठं,
मध्ये : वीर हेरंब खले.

खले.
हजेरीपटावर खले, रेशन कार्डावर खले.
चार पिढ्या ग्वाल्हेरात काढल्या,
एका अक्षरासाठी आम्ही कधी भांडलो नाही.
हेरंब म्हणायचा, ताई, ळ घरात घालायचा,
बाहेर पडताना काढून ठेवायचा
भोकं पडलेल्या गंजीफ्रॉकासारखा.

खडूनं फरशीवर काढून दाखवला.
हरप्रसाद उकिडवा बसून बघत राहिला.
"बहनजी, ये अच्छर तो हमपे है नईं."

त्याला कसं सांगू,
हे अक्षर शब्दाच्या तोंडाशी कधी येत नाही.
मधे येतं, नाहीतर शेवटी.
फोटोत, पंगतीत, रांगेत
कुणाच्या तरी खांद्यामागे, जसा तो.

गाडीत उशा-चादरी वाटायचा, ठेकेदाराकडून.
रेल्वेच्या पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं,
दुसऱ्याही नव्हतं.
प्रवासी नव्हता. कर्मचारीही नव्हता.
चौथ्या दिवशी भुसावळच्या एका बाईनं
कॅमेऱ्यासमोर विचारलं,
तो चादरीवाला पोरगा कुठाय?

मग देशाला कळलं.
डबा पुलावरून लोंबत होता
आणि तो चादरीला चादर बांधत होता, चादरीला चादर.
एकोणीस माणसं त्यानं एकेक करून खाली वाळूत सोडली.
विसावा तो स्वतः.
गाठ एकही सुटली नाही.
सुटलं ते वरचं लोखंड.

तीन दिवस झेंडे अर्ध्यावर.
महाराज बाड्यावर मेणबत्त्यांचं मेण
अजून फरशीला चिकटलेलं आहे.
अनोळखी माणसं आईच्या पाया पडायला येत,
मागे फोटोवाला.
आई विचारायची, चहा कितीजणांचा?
चौथ्या आठवड्यात मॅच सुरू झाल्या
आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.
देशाचं सुतक फिटलं.
आता आमचं आमच्याकडे आलं.

मला अजून चादरीची घडी घालता येत नाही.
टोकाला टोक जुळवायला समोर कुणी लागतं.
दोरीवरून काढते, तशीच गोळा करून कपाटात कोंबते.
भुसावळची बाई दर गुरुवारी फोन करते.
आज काय भाजी?
दोडका.
आमच्याकडे पण.
तेवढंच.

एकदाच म्हणाली,
खाली सोडताना मी त्याला नाव विचारलं होतं, खळेताई.
खळे म्हणाला. हेरंब खळे.

म्हणजे तिथं, त्या उंचीवर,
घरात घालायचं ते अक्षर
तो घालून उभा होता.

हरप्रसाद छिन्नी पुसत म्हणाला,
"वैसे बहनजी, खले भी गलत तो नईं.
कोऊ चलो जाए, तो खलत है."
खलना. म्हणजे सलणं.
माझ्या तोंडून शब्द फुटेना.
जन्मभर चूक समजत आले
त्यात हेही होतं.

तरी म्हटलं, नाही. ळच.

टाकाऊ तुकड्यावर त्यानं हात बसवला.
पहिला फुटला.
दुसरा आडव्या पडलेल्या आठासारखा.
तिसरा काढून थांबला, म्हणाला, "जे तो गाँठ है."
हो, म्हटलं. आवळून काढा.

पाटीवरचा ल घासून काढताना
दगड तेवढ्याच जागी दोन सूत खोल गेला.
उद्या भाषणात कुणाच्या लक्षात येणार नाही.
पण बोट फिरवलं तर खळी लागते,
तो हसला की डाव्या गालाला पडायची
तेवढीच.

एका अक्षराचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
बिघडलेले ळ मी पिशवीत घालून आणले.
आई म्हणाली, हे काय आणखी?
काही नाही, म्हटलं, असू देत.
आणि कपाट उघडून चादरी बाहेर काढल्या.
आई, जरा ते टोक धर.