बँटरी

टायपिंगमध्ये चूक झाली होती, ते आधीच सांगून टाकते.
रात्री पावणेबाराला, पाथर्डी फाट्याच्या खोलीत,
एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्याच्या अंगठ्यानं
मी लिहिलं होतं :

नवीन अपडेट आज टाकू नका.
बँटरी फुगतेय. बाहेरदेशी तिघांचे फोन तापले.
दोन-तीन दिवस थांबा, कंपनी दुरुस्त करेल.
वैजू गायधनी, मोबाईल रिपेअरिंग, शालिमार, नाशिक.

बातमी माझी नव्हती.
कुठल्याशा कोरियन माणसाची, कुणी इंग्रजीत आणलेली,
मी फक्त शेवटचा डबा उचलून आमच्या आळीत पोचवला
आणि झोपले.

सकाळी पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायाशी.
आम्ही नाशिककर असंच मोजतो.
धरणातून किती क्युसेक सुटलं ते पेपरात येऊ दे,
आम्ही पुलावर उभे राहून बघतो, मारुतीच्या कुठवर आलं.
अकराला गुडघा : चाळीस हजार.
दुपारी कंबर, तेव्हा मी एका दूधवाल्याचा डिस्प्ले चिकटवत होते
आणि ड्रॉवरमध्ये माझा फोन
बरणीत कोंडलेल्या भुंग्यासारखा.
चारला छाती. साडेसहा लाख.
नदीमभाईंनी स्पेशल चहा मागवला, म्हणाले,
आज तू गल्ल्याच्या खुर्चीवर बस, स्टूल मला दे.

चॅनेलवाला आला. सोल्डरिंग गन थंड होती,
तरी धर म्हणाला, जरा नजर वर, आत्मविश्वासानं.
मी धरली.
दोन दिवस मला कुणी वैजू म्हणालं नाही, सगळे मॅडम.

रात्रभर मेसेज. बहुतेक अंगठे, फुलं, एक लग्नाचं स्थळ.
त्यात कुठल्याशा जहाजावरचा एक पोरगा :
ताई, मी आधीच टाकलंय, आता काय करू?
त्याला मात्र नीट उत्तर दिलं.
बंद कर. उशीखाली ठेवू नकोस. लोखंडी पत्र्यावर ठेव
आणि उजाडलं की कळव.
उजाडलं. तिकडचं उजाडणं कधी ते मला माहीत नव्हतं.
साडेदहाला आलं : ताई, गार आहे.

कुणीतरी लिहिलं, आधी बॅटरी लिहायला शीक.
खरंच होतं. नुसता चंद्र हवा होता,
मी वर एक टिंब जास्तीचं ठेवलं होतं.
काढायला गेले आणि थांबले.
गिऱ्हाइकाच्या हातात गेलेला फोन
पुन्हा उघडत नाही मी, त्यानं आणून दिल्याशिवाय.

तिसऱ्या दिवशी कंपनीनं नवीन अपडेट सोडलं, गुपचूप.
पूर चढताना वाजतो, उतरताना नाही.
खाली राहिला तो गाळ : काहीच झालं नाही की,
उगाच घाबरवलं लोकांना.
आता यावर काय बोलणार?
ऐकलं म्हणूनच काही झालं नाही,
आणि काही न झाल्याचा फोटो निघत नाही.

शनिवारी एक बाई टेम्पर्ड ग्लासला आल्या.
पन्नासचे चाळीस करून गेल्या,
माझ्याकडे न बघता. मी पुन्हा स्टुलावर.

काल, म्हणजे सव्वा महिन्यानं, सिन्नरच्या मावशीचा फॉरवर्ड आला.
वर समई, खाली गुलाब, मध्ये लाल अक्षरात
एका थोर शास्त्रज्ञाचा इशारा.
तिघांचे तीनशे झालेले. शालिमार गेलं, नाशिक गेलं,
वैजू गायधनी तर कधीच वाहून गेली.
पण दुसऱ्या ओळीत, इतक्या हातांतून,
इतक्या पाण्यातून येऊनही जागचं न हललेलं
बँटरी.
चंद्रावर माझं टिंब.

खाली मावशीनं लिहिलं होतं,
तुझ्याच लाईनमधलं आहे, वाचत जा असलं काहीतरी.

बराच वेळ बघत बसले.
मग कळवलं, हो मावशी. थँक्यू.
आणि फोन चार्जिंगला लावला.