खापऱ्या, वय माहीत नाही

सावद्यात, बोंडेंच्या केळी-चेंबरच्या मागल्या खोलीत
शनिवारी रात्री आम्ही चौघं
पालथ्या कॅरेटांवर बसतो.
बाहेर मे महिना भिंतीला पाठ लावून उभा.
आत फटीतून चोरटी गार हवा येते,
आणि तिच्यामागून पिकत्या केळीचा वास,
गोड, किंचित उतरलेला,
सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या घरासारखा.

खेळ रुबाब तडवी चालवतो. जग त्याचं:
सात डोंगर, दोन राजे, एक आटलेली नदी.
हर्षल जादूगार झाला, दाढीसकट.
प्रणोतीनं तिसऱ्यांदा तीच तिरंदाज घेतली,
फक्त घोड्याचं नाव बदललं.
"तू काय होतेस?"
राक्षस, मी म्हटलं.
पण दमलेला.

फासे टाकले.
ताकद अठरा. चपळाई सहा.
मोहकता तीन.
"याहून कमी पडूच शकत नाही,"
हर्षलला कोण आनंद.

मग पेन्सिल घेतली.
नाव: खापऱ्या.
कातडी मांडे भाजायच्या खापरासारखी,
काळी, मधून तडकलेली,
पाणी पडलं की अजून चर्र वाजते.
उंची: कुठल्याही दारापेक्षा चार बोटं जास्त.
(लिहिताना हात कपाळावरच्या व्रणाकडे गेला.
ऑफिसची चौकट. दोनदा.)
पाऊल: बाजारात मिळत नाही त्या मापाचं.
दात: आहेत. दाखवत नाही.
शिंग: एक.
दुसरं त्यानं स्वतःच कानशीनं घासून काढलं,
एका लग्नाला जायचं होतं म्हणून.
गेला नाही.

"शस्त्र?"
पितळी तांब्या.
"त्यानं मारतो कसा?"
पाणी पितो. कुणी आपलं भांडं देत नाही ना.

"बरं, त्याला हाकललं का?"
इथं मी अडले.
पहिल्यांदा लिहिलं, पोर खाल्लं.
खोडलं. त्यानं खाल्लं नव्हतं.
मग लिहिलं, शाप.
तेही खोडलं.
शापाची सोय अशी की दोष कुणाचाच उरत नाही.
शेवटी लिहिलं:
नदीला पाणी होतं त्या साली पूल वाहून गेला,
तेव्हा हा रात्रभर पाण्यात आडवा झाला.
पाठीवरून गाड्या गेल्या, शेरडं गेली,
देवाची पेटी, एक बाळंतीण, सगळं गाव गेलं.
मग उजाडलं,
आणि लोकांनी पाहिलं
आपण कशावरून चालत आलो ते.

तेव्हापासून फिरतोय.
लढून नाही दमला.
दर वेशीत आधी आपणच "घाबरू नका" म्हणायचं,
त्यानं दमलाय.

उद्दिष्टाच्या रकान्यात
मी तीन ओळी सूड लिहिला. दाबून. टोक मोडेस्तोवर.

खेळ सुरू झाला.
पहिलंच गाव. वेशीत चुलीपाशी एक म्हातारी.
आत जायचं तर मोहकतेचा फासा,
बारा हवेत.
मी मूठ वळली, वाक्य तयार ठेवलं, घाबरू...
तेवढ्यात रुबाबचा आवाज खाली आला,
पालच्या त्याच्या कुठल्या मावशीचा असावा,
मान वरही न करता:
"ये, बठ. जेवना का?"

"अरे, फासा?" हर्षल म्हणाला. "नियम आहे."
"तिला काय माहीत नियम," रुबाब म्हणाला,
आणि स्वतःच्याच वहीत बघत बसला,
तिथंही हे लिहिलेलं नसावं.

माझ्या तीन ओळींत याला उत्तर नव्हतं.
पलीकडे कंप्रेसर धाडकन सुरू झाला,
दिवा एकदा खाली गेला, वर आला.
खापऱ्या वेशीत उभा होता, वाकून, सवयीनं.
वर चौकट नव्हतीच,
नुसतं आभाळ.

"काय करतो तो?"
खाली ठेवतो, मी म्हटलं.
"काय?"
तांब्या.
"एवढंच?"
एवढ्याला त्याला वेळ लागेल.

मग डाव प्रणोतीकडे गेला.
तिचा घोडा तहानलेला होता.