जास्तीचे दाणे

हिद्दच्या गोदीत बाबा वेल्डर होते.
जहाजाच्या पोटात शिरायचे, फाटलेलं शिवायचे.
म्हणायचे, टाका सरळ पडला
की लोखंडालाही आठवत नाही
कुठं उसवलं होतं.

मग एका उन्हाळ्यात शिवण वाकडी पडू लागली.
फोरमन तोंडाचा वास घ्यायला जवळ आला.
बाबा चहापलीकडे काही पीत नसत.
गुल रहमाननं दोन महिने
स्वतःचं काम बाबांच्या नावावर लिहिलं,
तेही उघडकीला आलं.
शेवटी शेवटी कठड्यापाशी बसले
तरी त्यांचे हात उठायचे,
खाडीपलीकडच्या कुणाला तरी
थांब, अरे थांब, म्हटल्यासारखे.

आज मुहर्रकला डॉक्टर हुदानं
कागदावर तीन अक्षरं काढली.
सीएजी. सीएजी. सीएजी.
थांबेचना तिचं पेन.
आणि मला आठवला मंडळाचा भाड्याचा हॉल,
अथर्वशीर्षाची आवर्तनं,
आई ताटात तांदूळ सरकवतेय,
एक आवर्तन, एक दाणा.
मध्येच कुणी बोलायला यायचं, मोजणी चुकायची.
"असू द्या," गुरुजी म्हणायचे,
"जास्त झालं तर पुण्यच."

नसतं, गुरुजी.
पस्तिसापर्यंत देह निभावून नेतो.
बाबांचे त्रेचाळीस होते.
माझे एकोणपन्नास.
त्यांच्याकडून माझ्याकडे येताना
ताटाला कुणाचा तरी धक्का लागला.

हुदा सांगत होती:
दोन धाग्यांतला एक घसरतो,
सैल पडतो, त्याचा फास होतो.
दुरुस्ती करणारे धावत येतात
आणि तो फास कापायचा सोडून
आत शिवून टाकतात.
(बाबा असते तर त्यांनी अशा कारागिराला
शिडीवरून खाली उतरवलं असतं.)

"आता एक रेणू आहे," ती म्हणाली,
"अगदी लहान. त्या फासातच जाऊन बसतो."
बसून काय करतो?
"अडून राहतो. मग कधी कधी
वाढायचं थांबतं. कधी एखाददुसरा
कमीही होतो."
कुणाचा?
हुदानं चष्मा पुसला.
"उंदराचा."
मी हसले. तीही हसली, जरा उशिरानं.
मग म्हणाली, "उंदरापासूनच सुरू होतं सगळं."
गणपतीचाच उंदीर असावा,
मी मनात म्हटलं, आणि लाज वाटली.

बाहेर पाचची उष्णता.
पुलावरून गोदी दिसते,
कुठल्याशा तेलवाहू जहाजाच्या कुशीत
निळी ठिणगी लागते, विझते,
लागते.
रुवैसहून भास्करचा फोन दोनदा येऊन गेला.
त्यानं तपासणी केलेली नाही.
त्याच्या बायकोला पाचवा महिना.
काय सांगू? उंदीर?

घरी येऊन तांदूळ निवडायला घेतले.
खडा एकही नव्हता, आजकाल नसतोच.
एकोणपन्नास मोजून ओळीनं लावले,
बोट जपून, श्वास धरून,
आणि शेवटचा एक
नखानं बाजूला केला.

फोन पुन्हा वाजतोय.
दाणा कुठं ठेवावा कळेना,
ताटात परत टाकवेना.
तसाच कच्चा दाताखाली धरून
मी म्हटलं, "बोल, भास्कर."