शिलाई

कलशेट्टी सरांची डिक्शनरी आलीय शिवायला,
पाठ निखळलेली, कडा वाळवीनं चाखलेल्या.
खळ शिजेपर्यंत चाळत बसलो.
बाहेर उदगीरचं ऊन, चौबाऱ्यावर कुत्रंसुद्धा नाही.

बारीक अक्षरात लिहिलंय, फार पूर्वी
गर्ल म्हणजे नुसतं लेकरू,
पोरगा असो का पोरगी.
हे तर आमच्याकडं अजून तसंच.

लॉर्ड म्हणजे भाकर राखणारा,
लेडी म्हणजे पीठ मळणारी.
आत परातीत थापटण्याचा आवाज.
हाक मारली, "अगं लेडी!"
"काय भरलंय अंगात?" भागीरथी म्हणाली.

नॉटी म्हणजे ज्याच्याजवळ काहीच नाही.
माझ्या सातवीच्या वहीत तांबड्या शाईनं
हाच शब्द होता, सरांच्याच हातचा.
दप्तर नव्हतं तेव्हा.
खताच्या पिशवीत पुस्तकं न्यायचो.

सिली भेटला शिवता शिवता,
शेवटून तिसऱ्या फर्म्यात:
देवाची कृपा असलेला.
तिथं दाभण बोटात गेलं.
पानावर एक ठिपका पडला, पुसला नाही.

दिवेलागणीला सर आले. हात थरथरतो आता.
पाठीवरून बोट फिरवलं, खळीचा वास घेतला,
आणि चष्मा वर करून मोजून दिले पैसे.
वीस कमी.
राहू द्या सर, म्हणालो.

भागीरथी पीठ झटकत दारात उभी.
"येडा हाय नुसता."
जुन्या अर्थानं का नव्या,
विचारायचं राहिलं.
आत भाकर करपूलाली होती.