मार्च एंडिंग

सदरच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
अकरा किलो मोह पडून आहे पोत्यात.
पोत्याला मीच चिकटवला मालमत्ता क्रमांक:
आदिवासी खाद्यवारसा, चौदा.

अनुदान खाण कंपनीचं.
उमरेडकडे जिथं ती कोळसा काढते
तिथं मैनाबाई परतेकीची सात मोहाची झाडं होती.
सातांनाही नावं होती.
प्रस्तावात मी लिहिलं, 'लोप पावत चाललेला वारसा'.
कशानं लोप पावतोय, त्याला रकाना नव्हता.
मीही आखला नाही.

माझं आडनाव कुमरे.
मुलाखतीत साहेबांना ते फार आवडलं होतं.
वाढले मी अजनीच्या रेल्वे क्वार्टरात;
मोहाचा वास पहिल्यांदा घेतला
तो या प्रोजेक्टच्या पहिल्या हप्त्यानंतर.

महोत्सव एकतीस मार्चच्या आत हवा,
नाहीतर पैसे परत जातात.
आणि मोह तर मार्च सरता सरता कुठं टपकू लागतो,
शिवाय पेनाला दाखवल्याशिवाय
नवा मोह तोंडात घालत नाहीत त्यांच्यात.
(पेन म्हणजे देव. सहीचा नव्हे.)
मी फोनवर विचारलं, पूजा जरा अलीकडे घेता येईल का?
पलीकडे बराच वेळ नुसते कोंबडे ऐकू आले.
मग ती म्हणाली,
'झाडाले सांगून पाय तू.'

म्हणून हा गेल्या सालचा,
इतवारीतल्या व्यापाऱ्याकडून, पक्क्या बिलावर.
वेचलेल्याचं बिल कुठून आणणार?
ऑडिटर म्हणाले, जंगलाचा जीएसटी नंबर असेल तर द्या.

सिव्हिल लाइन्सच्या हिरवळीवर
मैनाबाईनं लाडू वळले, कुटकीचा भात केला,
आंबाडीची भाजी केली.
मागच्या फलकावर तिचाच फोटो, तिच्या दुप्पट.
कोणी तरी म्हणालं, सुपरफूड.
ती मला हळूच म्हणाली, 'काय म्हणून राहिला तो?'
मी म्हणाले, आवडलं म्हणतोय.

संमतीपत्रात होतं,
पाककृतींचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील.
तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं.
जरा भरभर.
अंगठा शाईत बुडवून ती थांबली,
'तुह्या आजीनं कोणाची सही घेतली होती का
तुह्या मायले भाकर शिकवताना?'
आणि उठवला.

मानधन पंधराशे. तिनं पाच हजार मागितले होते.
मी म्हणाले, तेवढं बजेटशीर्ष नाही.
फलक अठरा हजारांचा.

कोळशाचा पैसा चालतो का तुम्हाला,
हे मी विचारलं परतीच्या गाडीत, उशिरा.
ती खिडकीतून दिघोरी नाक्याचे दिवे बघत होती.
'पोट्टी नर्सिंगले आहे बाई.
फी घेणारा पैशाचं गोत नाही विचारत.
तू विचारतं. तुले पगार भेटते न.'

आज दोन एप्रिल.
सकाळी तिचा फोन होता:
नाल्याकाठी दुसऱ्याच्या झाडाखाली पडून राहिला मोह,
येतं का वेचाले, पहाटे चारले,
पण गाडीभाडं भेटनार नाही.

ऑफिसभर वास.
पोत्यातून मुंग्यांची रांग
विनियोग प्रमाणपत्रावरून खिडकीकडे चालली आहे.
वजन केलं. दहा किलो आठशे.
'घट का आली' समोर लिहिलं:
मूळ हक्कदारांनी नेला.
बराच वेळ ते वाक्य बघत बसले.
मग खोडून लिहिलं,
सुकला.