ओतोकवरचा धूर

रोज सकाळी सात वाजता मी एकच फोटो काढते.
गोठ्यामागच्या खांबावर कोपर टेकून,
फोन आडवा धरून, चष्मा कपाळावर सरकवून.
चार वर्षं झाली. आजारपणाचे अकरा दिवस सोडून.

समोर तळं असतं, किंवा नसतं.
आमच्या सेर्क्नित्साचं असंच आहे:
शरदात जमिनीच्या भोकांतून पाणी वर येतं
आणि उन्हाळ्यात त्याच भोकांतून निघून जातं,
येते म्हणूनही सांगत नाही.
फेब्रुवारीत पोरं जिथे बर्फावर घसरतात
तिथेच जुलैत मी गवत कापते.
विळ्याला कधी शिंपला लागतो.
होडी तेव्हा गवतात पालथी,
निवृत्त शिपायासारखी.

पलीकडे ओतोक. ओतोक म्हणजे बेट.
वर्षातले काही महिनेच ते नावाला जागतं.
तिथे माझा भाऊ राहतो, राय्को.
प्रत्येक फोटोत त्याचं घर आहे,
तांदळात राहिलेल्या खड्याएवढं,
आणि त्यावर धुराची रेघ.

आम्ही बोलत नाही.
कारण सांगायला लाज वाटते:
पाण्याच्या कायद्यावरचं मतदान.
काठावर बांधू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न.
आईच्या वाढदिवसाला सूप गार होईपर्यंत भांडलो.
तो म्हणाला, तुमच्यासारख्यांना पाणी फोटोपुरतं हवं.
मी म्हणाले, तुमच्यासारख्यांना तर—
काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.
आई मध्ये बसून पाव कापत राहिली,
कोणीही खात नसताना.
पुढच्याच वर्षी ती गेली. त्याच्याच घरातून.
आम्ही थडग्याच्या दोन टोकांना उभे होतो,
पाद्र्याला कळेना, सांत्वन कोणत्या बाजूने सुरू करावं.

यंदा नोव्हेंबरात निवडणूक आली.
गवत वाळवायच्या मांडवांवर पोस्टरं लागली,
हसरे चेहरे, पावसाने हनुवट्या सुटलेल्या.
एक माझ्या चौकटीत कोपऱ्यातून डोकावायचं.
मी खांब बदलला नाही.

त्याच आठवड्यात धूर गेला.
पहिल्या दिवशी वाटलं, धुकं असेल.
तिसऱ्या दिवशी जुने फोटो उघडून ताडून पाहिले.
चार वर्षांत, थंडीत, एकही सकाळ अशी नव्हती.
सहाव्या दिवशी होडी लोटली.
वल्ही मारताना ना कायदा आठवला, ना आधी कोण बोलणार ते.
एवढंच आठवलं, की लहानपणी तो
बर्फ फुटेल म्हणून मला नेहमी मागे चालायला लावायचा.

दार त्यानेच उघडलं.
हातात अर्धा सोललेला बटाटा.
"धूर?" मी विचारलं.
तीन वर्षांनंतरचा पहिला शब्द.
तो ओशाळला. बाहेरच्या भिंतीशी एक पांढरी पेटी
स्वतःशीच गुणगुणत होती.
"हीट पंप. अनुदान मिळालं."
"कोणाकडून?"
"तुमच्या सरकारकडून," म्हणाला
आणि बटाट्याकडे पाहत राहिला.

मी हसले नाही.
म्हणजे हसले, पण परतताना, पाण्याच्या मध्यावर.

त्याआधी स्वयंपाकघरात बसलो.
त्याने घरची नाशपातीची दारू ओतली,
माझ्या फोनवरून त्याचं जाडं बोट फिरलं.
"माझं घर एवढंसं दिसतं?"
मग म्हणाला, "तिचा शेवटचा एप्रिल दाखव.
तेवीस तारीख.
त्या दिवशी तिने हट्टाने चादरी धुतल्या, मी नको नको म्हणत होतो."

फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.
घराच्या डावीकडे पांढरा ठिपका,
फार तर चार चौकोन.
त्याखाली माझ्याच हाताने लिहिलेलं:
हंस, एक.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
पंप गुणगुणत होता.
"हा मला पाठव," म्हणाला.
"आणि खालचं खोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी फोटो काढला.
कोपऱ्यातलं पोस्टर रात्री गळून पडलेलं.
धूर नाही.
तळं आहे.